या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात आई न्यू जर्सीला आली होती, तेव्हा तिला न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर 'मेबी हॅपी एंडिंग' हे संगीत नाटक बघायला नेलं. आईचं वय ७८, इंग्रजी जेमतेम कळतं, म्हणून मी मनातून धास्तावलेच होते. नाटक सुरू झालं आणि थोड्याच वेळात ती माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, तो कुंडीशी बोलतोय."

खरंच बोलत होता. ऑलिव्हर हा माणसांच्या मदतीला बनवलेला, आता जुना झालेला रोबो. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात, जुन्या रोबोंच्या इमारतीत एका खोलीत राहतो. मालक जेम्स आपल्याला न्यायला येईल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतो. सोबतीला एक रोपटं, ह्वाबून. कोरियन भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी कुंडी. एक दिवस समोरच्या खोलीतली क्लेअर चार्जर मागायला दार ठोठावते. तिची बॅटरी टिकत नाही, आणि या दोघांचे पार्ट बनायचे बंद झालेत.

तिथे मला बाबांचं शेवटचं वर्ष आठवलं. "आता वयोमानाने हे असंच राहणार," असं डॉक्टर म्हणाले होते. नंतर पाच मिनिटं समोर काय चाललंय ते मला दिसलंच नाही, डोळे भरले होते. म्हणून या नाटकाला कुणी एआयच्या चर्चेत ओढलं की मला वाईट वाटतं. उसन्या चार्जरवरून जुळलेली दोन शेजाऱ्यांची मैत्री आहे ही, आणि किती दिवस उरलेत ते दोघांनाही ठाऊक आहे.

ह्यू पार्क आणि विल ॲरनसन यांचं हे संगीत नाटक २०१६ मध्ये सोलला रंगमंचावर आलं. ते त्यांनी कोरियन आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत लिहिलं. २०२० मध्ये अटलांटात प्रयोग झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रॉडवे. सुरुवातीला तिकिटं खपेनात. ज्यांनी पाहिलं ते इतरांना सांगत सुटले आणि थिएटर भरायला लागलं. जून २०२५ मध्ये सहा टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरचे सर्वांत मानाचे पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट म्युझिकलचाही. आणि एवढं होऊनही गोष्ट सोलमध्येच राहिली, ते दोघं जे काजवे बघायला जातात ते कोरियातल्या जेजू बेटावरचेच राहिले, ह्वाबूनचं बारसं पुन्हा कुणी केलं नाही!

आपली नाटकं अमेरिकेत येतात ती बहुतेक मराठी मंडळांतर्फे, आपल्याच माणसांसमोर. मी त्यांच्यासाठी हौसेने राबले आहे, पुढेही राबेन. पण माझी अमेरिकन शेजारीण एकदाही माझ्याबरोबर येऊ शकलेली नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे. आपल्याकडेही कुणीतरी पहिल्या ओळीपासून दोन भाषांत लिहायला बसावं. सोल ते ब्रॉडवे आठ वर्षं लागली, तेवढा धीर धरावा. गाव मात्र आपलंच ठेवावं.

शेवट सांगत नाही. परतताना स्टेशनवर आईने पुण्याला फोन लावला, समोरच्या दारातल्या काकूंना. चाळीस वर्षांचा शेजार आहे. तिकडे सकाळ झाली होती. तुळशीला पाणी घातलंस का, रात्री झोप लागली का, गुडघा कसा आहे, असं गाडी येईपर्यंत तिचं चालू होतं.