टीव्हीला अरे, वायरमनला अहो

मी मंत्र्यांना एकेरीत बोलतो. सगळ्यांनाच. पक्ष बघत नाही, तेवढा निःपक्षपाती मी आहे. सकाळी पेपर उघडला की "अरे, काय चाललंय काय याचं!" इथून सुरुवात होते आणि रात्री साडेनऊच्या चर्चेत "ए, तू गप बस की जरा, त्याला बोलू दे!" इथे दिवस मावळतो. सहकारी बँकेत एकतीस वर्षं काउंटरच्या आत बसून समोरच्या प्रत्येकाला साहेब, ताई, काका करत काढली. त्या काळात तोंडातल्या तोंडात जे 'अरे' साठत गेलं, ते आता मुदत पूर्ण झालेल्या ठेवीसारखं व्याजासकट बाहेर पडतंय, असं माझं निदान आहे.

हिचं निदान वेगळं. "टीव्हीतून कोणी बाहेर येत नाही ना, म्हणून."

तिच्या या बोलण्यामागे पुरावा आहे, हे कबूल करायला हवं. आमच्याकडे लाईट गेल्यावर जो वायरमन येतो तो फार तर चोवीस वर्षांचा असेल. माझ्या मुलापेक्षा लहान. त्याला मी "या दादा, बसा, पाणी घ्या आधी" म्हणतो. गॅसच्या टाकीवाल्याला साहेब म्हणतो. एकदा नळाचा वॉशर बदलायला आलेल्या पोराने "काका, उद्या येतो" म्हणून तीन दिवस तोंड दाखवलं नाही आणि चौथ्या दिवशी उगवला, तेव्हा मी त्याला "अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

२३ नोव्हेंबर २०१९ चा शनिवार मला पक्का आठवतो. पेपरात पहिल्या पानावर उद्धव ठाकऱ्यांच्या नावावर तिन्ही पक्षांचं एकमत, अशी पानभर बातमी. मी चहाच्या पहिल्या कपावर त्या तिन्ही पक्षांना यथेच्छ झापलं. एकेकाला नावानिशी. दुसऱ्या कपाला टीव्ही लावला, तर राजभवनात देवेंद्र फडणवीस शपथ घेऊन मोकळे आणि शेजारी अजित पवार! म्हणजे ज्या सरकारवर मी अर्धा तास घसा कोरडा केला ते सरकार झालेलंच नव्हतं. परत पहिल्यापासून, नव्या मंडळींवर, नव्याने ओरडणं आलं. चौथ्या दिवशी तेही सरकार गेलं आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांनी शपथ घेतली. तेव्हा मात्र शनिवारची पहिल्या कपाची बोलणी मी जशीच्या तशी वापरली. काटकसरीच्या घरात वाढलोय, काही वाया जाऊ देत नाही.

बाकी त्याला 'पहाटेचा शपथविधी' का म्हणतात हे मला अजून उमगलेलं नाही. राष्ट्रपती राजवट पहाटे पावणेसहाला उठली हे खरं, पण शपथ झाली आठच्या सुमाराला. आठला कसली पहाट? आमच्याकडे पावणेआठला नळाचं पाणी जातं.

जून २०२२ मध्ये आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा तर मी आठवडाभर टीव्हीसमोरून हललोच नाही. त्या हॉटेलचं गेट इतक्या वेळा पाहिलं की त्याच्या गजांची संख्या मी सांगू शकलो असतो. आमच्या सोसायटीच्या गेटचं बिजागर तुटून ते एका बाजूला कललंय, हे मला हिने सांगितल्यावर समजलं. म्हटलं, "बघतो." ती म्हणाली, "नुसतं बघूच नका."

कांद्याचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण ते घरातलं आहे. माझा मेहुणा निफाडकडे शेती करतो. माल लासलगावला नेतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. त्या दिवसांत त्याचा रोज संध्याकाळी फोन. "दाजी, तुम्हीच सांगा, वाहतूक सुटंना, मजुरी सुटंना, करायचं काय माणसानं?" मी फोन स्पीकरवर टाकून दिल्लीपर्यंत ऐकू जाईल असा कडाडायचो. शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे, शहरातल्या लोकांनी काय फुकट खायचं ठरवलंय का, वगैरे. मेहुणा खूश. मग फोन ठेवून पिशवी घेऊन खाली उतरायचो आणि हातगाडीवरच्या मावशींना म्हणायचो, "अहो मावशी, चाळीस? कांदा आहे का सफरचंद? तीस लावा."

म्हणजे कांदा महाग झाला की मी चिडतो आणि स्वस्त झाला की मेहुण्याच्या वतीने चिडतो. मधल्या कुठल्या भावाला माझं समाधान होईल ते अजून कोणत्याच सरकारला सापडलेलं नाही. त्यात मेमध्ये मेहुण्याकडून उन्हाळ कांद्याची एक गोणी घरी येते, ती दिवाळीपर्यंत पुरते. तेवढे महिने मी शेतकऱ्यांच्या बाजूने असतो. गोणी संपली की मी जनता होतो.

आणि नंबर प्लेट! माझी स्कूटर २०११ ची. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती नवी उच्च सुरक्षा पाटी बसवायची, मुदत ३१ मार्च २०२५. मुदत म्हटली की माझ्यातला बँकवाला जागा होतो. मुलाला पुण्याला फोन करून ऑनलाइन नंबर लावून घेतला, भर दुपारी उन्हात उभा राहिलो, रिव्हेट ठोकून घेतले आणि मुदतीच्या आत सुरक्षित होऊन घरी आलो. पण मुदत वाढली. एप्रिलअखेर. मग जूनअखेर. मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबर. दर मुदतवाढीला मी त्या खात्याला 'अरे' म्हणायचो, आणि दर मुदतवाढीला तिसऱ्या मजल्यावरचे बोरसे जिन्यात भेटून म्हणायचे, "बघा, मी तुम्हाला म्हटलं होतं, घाई करू नका." बोरशांना मी "हो ना, तुमचं खरं आहे" म्हणायचो.

बोरशांचं थोडं सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नाही. गणपतीत वर्गणी सगळ्यात आधी देतो. पण त्यांची पांढरी गाडी तेव्हा आठ महिन्यांपासून जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला नाक लावून उभी असायची. खोलीचं दार बाहेर उघडतं, म्हणजे गाडी तिथे असताना उघडत नाही. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, यावर सोसायटीत पूर्ण एकमत होतं. कोणी, हे ठरायचं होतं. सेक्रेटरीने सांगावं, तर आधीचे सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते आणि नवा होत नव्हता. अठरा फ्लॅट, आणि सभेला विषय निघाला की अठराच्या अठरा माणसं चपला शोधायला लागायची.

नेमकं त्याच सुमाराला आमच्या जिल्ह्यात उलटं चाललं होतं. नाशिकला पालकमंत्री कोण? जानेवारी २०२५ मध्ये गिरीश महाजनांचं नाव जाहीर झालं, दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली, आणि मग महिन्यामागून महिने ते पद रिकामं. २० मे ला छगन भुजबळांनी पुन्हा शपथ घेतली तेव्हा जिल्ह्यातले मंत्री झाले चार. मंत्री चार आणि पालक एकही नाही! या वाक्यावर मी इतका खूश होतो की आठवडाभर ते जो भेटेल त्याला ऐकवत होतो. वायरमनलासुद्धा. तो म्हणाला, "काका, मेन स्विच कुठाय?"

त्याच आठवड्यातली रात्र. संध्याकाळपासून वळवाचा पाऊस, वारा असा की समोरच्या गुलमोहराची एक फांदी रस्त्यावर. टीव्हीवर पालकमंत्रिपदाचीच चर्चा, आणि मी एका प्रवक्त्याला बोट दाखवून नुकतं म्हणालो होतो, "अरे, एक साधं पद भरता येत नाही तुम्हाला, लाज..." तेवढ्यात लाईट गेली. 'लाज' अंधारात तशीच तरंगत राहिली.

"तुम्हाला म्हणाला वाटतं तो," ही म्हणाली.

पाऊण तासाने वायरमन आला. रेनकोटातून पाणी निथळतंय, हातात बॅटरी. मी छत्री घेऊन खाली. "या दादा, फार त्रास दिला तुम्हाला." त्याने मीटरच्या खोलीकडे बॅटरी मारली. समोर पांढरी गाडी. दार ओढून पाहिलं, चार बोटं उघडलं आणि बंपरला टेकलं.

"काका, गाडी काढायला लावा."

तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर माझं वाक्य तयार होतं: 'बोरसे, ही काय पद्धत झाली? अक्कल नको माणसाला?' पहिल्या मजल्यावर अक्कल गळली. माझ्या दारावरून जाताना दारात ही मेणबत्ती घेऊन उभी होती, तिच्याकडे बघून थोडा जोर चढला आणि 'पद्धत' परत आली. पण पुढच्या वळणावर 'बोरसे' चे 'बोरसेसाहेब' झाले, शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांवर श्वासच पुरेना, आणि दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "जेवण झालं का?"

"या, या! आत्ताच बसलोय. रस घ्या."

मी रस घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं. मेणबत्तीच्या उजेडात दोन वाट्या झाल्यावर मी गाडीचं काढलं. काढलं म्हणजे, "खाली तो मुलगा आलाय, त्याला जरा दार उघडायचंय, तुमची गाडी तशी आड नाहीये, पण..." अशा चालीने.

"अहो मग सांगायचं ना!" बोरसे म्हणाले. "आठ महिने लावतोय मी तिथं. एक माणूस बोलला नाही. मला वाटलं, चालतंय."

यावर मी काय बोलणार?

"खरं सांगू का," बोरसे हात धुऊन आले, "हे असं एकाने दुसऱ्याला तोंडी सांगणं बरं नाही. उगाच मनं दुखावतात. सेक्रेटरीने लेखी पत्र द्यायला पाहिजे. पत्र आलं की मी एका मिनिटात गाडी हलवणार, कायमची. पण सेक्रेटरीच नाही, तर सही करणार कोण?" आणि त्यांनी टीव्हीखालच्या कप्प्यातून एक रजिस्टर काढलं. आधीचे सेक्रेटरी जाताना त्यांच्याकडेच ठेवून गेले होते. "तुम्ही बँकेतले. हिशोबातले. शिवाय कुणाशी वाकडं नाही तुमचं."

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच पुढचं सगळं झालं. खाली एक भिजलेला मुलगा थांबलाय, पोटात यांचा रस आहे, आणि समोर बोरसेवहिनी बॅटरी धरून उभ्या आहेत. मी सही केली. सभेत बिनविरोध मंजूर होणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

बोरसे खाली आले, गाडी चार हात मागे घेतली. वायरमनने दार उघडलं, आत बॅटरी फिरवली, दोन फ्यूज ओढून परत बसवले आणि म्हणाला, "इथं काही नाही, काका. खांबावरच डीओ उडालाय, तिथला फ्यूज. मला येतानाच वाटलं होतं." मग तो लांब काठी घेऊन रस्त्यापलीकडच्या खांबाकडे गेला. फट् असा आवाज झाला आणि सगळ्या मजल्यांवरून एकदम "आली!" असा ओरडा उठला. मी त्याला म्हटलं, "दादा, चहा?" तो म्हणाला, अजून सहा ठिकाणी जायचंय.

वर आलो तर टीव्ही आपोआप सुरू झालेला. तोच प्रवक्ता, तेच पद, अजून रिकामं. हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसत होती, पदराने डोळे पुसत होती. "तिकडे चार जण मागतायत तर मिळत नाही," ती म्हणाली, "आणि तुम्हाला दोन वाट्या रसावर!"

पहिलं पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, बोरशांना. 'मा. श्री.' पासून 'आपला नम्र' पर्यंत. त्यांनी शब्द पाळला, गाडी तिथून हलवली. आता ती गेटच्या आत उजव्या हाताला असते, त्यामुळे गेटचं एक फाटक उघडत नाही. तसंही ते बिजागर तुटलेलंच आहे.

जूनमध्ये परत एकदा रात्रीची लाईट गेली. मी अंधारात गॅलरीत उभा राहून वायरमनचा नंबर लावत होतो. वरच्या गॅलरीतून आवाज आला, चांगला खणखणीत, "अरे, हा सेक्रेटरी झोपला की काय? काय करतो काय हा दिवसभर?"

आवाज ओळखीचा होता. सकाळी जिन्यात भेटले, तेव्हा दोन्ही हात जोडून म्हणाले, "अहो, नमस्कार साहेब! रात्री फार त्रास झाला तुम्हाला."