गाडीच्या काचेवरचं आडनाव

सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीची काच वाचायची सवयच लागलीय हल्ली. आडनाव, जात, वाघाचा जबडा, राजमुद्रा, कुठल्यातरी नेत्याचा हसरा फोटो आणि खाली 'नाद करायचा नाय'. आधी हे सगळं नंबरप्लेटवर चालायचं, 4141 चं दादा, 214 चं राम, 8055 चं बॉस. 1989 चे मोटार वाहन नियम सांगून थकले की आकडे साधे लिहा बाबांनो, पण ऐकतंय कोण. आता एचएसआरपी, म्हणजे सरकारी ठशाची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आली, तिच्यावर कलाकुसर करता येत नाही, तर दादा प्लेटवरून उठून काचेवर जाऊन बसलेत.

श्रद्धा घरातच ठेवा असं अजिबात म्हणायचं नाहीये मला. आमचे एक चुलते माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे भर चौकात दाखवणंच झालं की ते. पण माळ घातली त्या दिवसापासून मटण-मच्छी बंद, दारूचा तर प्रश्नच नाही, एकादशी आली, वारी आली. गावच्या जत्रेला घरोघरी रस्सा शिजत असतो आणि हे आपलं वेगळं ताट घेऊन पिठलं-भाकरी खात कोपऱ्यात. बाजारात भाव करताना जरा इकडचं तिकडं बोलले की समोरचा लगेच, काय अण्णा, माळ घातलीय ना तुम्ही? गळ्यात माळ अन् पोटात काळ म्हणायला लोक टपलेलेच असतात, त्यामुळे माणूस आपोआप जपून वागतो.

स्टिकरला असलं काही पथ्य नाही, पैसे दिले की चिकटवून मिळतो. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणणाऱ्या राजाची मुद्रा काचेवर, आणि तीच गाडी भाजीवाल्या मावशींच्या पाट्यांना खेटून अशी लावलेली की गिऱ्हाईक पोचणारच नाही. मावशी काच बघतात, आडनाव वाचतात आणि गपगुमान पाटी मागं ओढतात. म्हणजे पथ्य कुणी पाळायचं, तर मावशींनी!

यावर लगेच कुणीतरी म्हणणार की मग निळा झेंडा आणि जय भीमचे स्टिकर पण काढा, नियम सगळ्यांना सारखा. गाडीचे कायदे सारखेच हवेत, कबूल. पण दोन्ही एकच आहे हे मला नाही पटत. 2015 मध्ये शिर्डीत एका तरुण पोराचा जीव गेला, वाद कशावरून तर मोबाईलची रिंगटोन, बाबासाहेबांवरच्या गाण्याची. एकाच्या आडनावाला बघून लोक रस्ता देतात आणि दुसऱ्याला नुसती रिंगटोन जिवावर बेतते, तर हा दुसरा जेव्हा जय भीम लिहितो तेव्हा तो दादागिरी करत नसतो हो, आम्ही पण आहोत इथं एवढंच सांगत असतो.

म्हणून 2025 मध्ये बीडला पोलिसांच्या नेमप्लेटवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवलं ते मला फार आवडलं. तक्रार घेऊन गेलेल्या माणसानं आधी साहेबांची जात ताडायची आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचं, ही कटकट निदान थोडी तरी कमी. (आडनाव शोधणारे शोधतीलच म्हणा, आपले लोक त्यात पीएचडी आहेत.) खासगी गाडीवर अशी सक्ती नकोच. पण सरकारी पगार घेणाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्यांवर जे 'पोलीस', 'महाराष्ट्र शासन' आणि वर परत आडनाव झळकत असतं ना, तिथून सुरुवात करा की.