टायरला काय चोपडावं? हाताशी असेल ते!

दुचाकीचा टायर चढवायला टायर पेस्टचा डबा विकत घेणं म्हणजे पैशाचा माज. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल गॅरेजच्या कोपऱ्यात फुकट पडलंय की! बीडला, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेला, सढळ हाताने चोपडा. पेस्ट मुळात करंटी: टायर चढेपर्यंत निसरडी, मग वाळून जाते आणि बीड रिमला धरून बसतो. ऑइल असा दगा देत नाही. ते वाळत नाही, वर रबरात मुरून त्याला फुगवतं, मऊ करतं. मग करकचून ब्रेक मारलात की चाक थांबेल, टायर मात्र रिमवर थोडा पुढे सरकेल. ट्यूब त्याच्यासोबत निघेल. वॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला, म्हणून तो तिरका होईल. तिरका दिसताच त्याचा नट रिमपर्यंत आवळून टाका. म्हणजे तो बुडाशी फाटेल. तिथे पॅच बसत नाही, त्यामुळे नवी ट्यूब आलीच.

ऑइल नको असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा. रबराला तो काही करत नाही, पण निसरडेपणात ऑइलला हार जात नाही. भांड्यांचं लिक्विडही चालेल, पाणी न घालता, घट्टच. त्यात बहुधा मीठ असतं; स्पोकच्या रिमला ते आतून गंज चढवतं. ट्यूबलेस अलॉयला बीडच्या जागी खरवड धरली की हवा हळूहळू उतरते आणि हवावाल्याशी घरोबा होतो.

तरीही शेवटची वीतभर कड चढेना? आणखी चोपडा आणि लिव्हरवर उभे राहा. समोरच्या बाजूचा बीड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवला, तर तारेचा तो न ताणणारा बीड इकडे सैल पडतो आणि दोन-दोन इंच घेत सहज आत जातो. पण मग रिमवर ओरखडे कसे उठणार, ट्यूबला चिमटा कसा बसणार?

आता हवा. ट्यूबलेसमध्ये वॉल्व्हची पिन काढून भरली तर हवा झपकन आत जाते, बीड ‘टक्’ करून बसतो. तुम्ही पिन ठेवाच. काही टायरच्या कडेवर ४० पीएसआयच्या वर जाऊ नका असं छापलेलं असतं, ते भित्र्यांसाठी. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसते का, हेही पाहू नका. एका बाजूला ती रिममध्ये बुडालेली दिसली तर हवा सोडा, पेस्ट लावा, पुन्हा भरा, एवढा उपद्व्याप मागे लागतो. तसंच बसा आणि निघा. वेग घेतल्यावर गाडी उड्या मारायला लागली तर दोष खड्ड्यांना द्या. ते हजर असतातच.