व्यायाम करायचाय, पण किती वाजता?

पुण्यात व्यायाम न करणारी माणसं भरपूर सापडतील, पण व्यायाम किती वाजता करावा याबद्दल मत नसलेला माणूस सापडायचा नाही. किंबहुना न करणाऱ्यांचं मत जास्त ठाम असतं, कारण त्यांना ते कधी तपासून बघावं लागत नाही. 'उद्यापासून चालायला जावं म्हणतोय' एवढं नुसतं पुटपुटलं, की पार्किंगमधले काका दुधाची पिशवी स्कूटरच्या सीटवर ठेवतात आणि विचारतात, "किती वाजता?" सहा म्हणालात तर "अहो, सहाला मी परत येतो!" संध्याकाळ म्हणालात तर चेहऱ्यावर कीव. दुपार म्हणालात तर, "घरी सगळं ठीक आहे ना?"

चालणार किती, चढ कितीसा, गुडघे कसे आहेत, हे कोणी विचारत नाही. तेव्हा एकेक वेळ उलटीपालटी करून बघायलाच हवी. प्रत्येकीत खोट आहे, आणि ती माहीत असली की निदान काकांना उत्तर देता येतं. काका ते ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

मान अर्थातच पहाटेचा. पण पाच वाजता ब्राह्ममुहूर्त असतो, असं बारा महिने सांगणारी मंडळी गणितात कच्ची आहेत. हा मुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. पुण्यात जानेवारीच्या मध्याला सूर्य उगवतो साधारण ७.०८ ला, म्हणजे मुहूर्त ५.३२ ते ६.२०. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय ५.५८ च्या आसपास, म्हणजे मुहूर्त ४.२२ ते ५.१०. थोडक्यात, वर्षभर पाचला निघून सव्वापाचला टेकडीवर दाखल होणारा माणूस हिवाळ्यात मुहूर्ताच्या आधी पोचतो आणि उन्हाळ्यात तो चुकवतो. त्यात आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि पुणे ७४ च्याही जरा अलीकडे. अंशाला चार मिनिटं धरली तर पुण्याची खरी वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे पडते. घड्याळात पाच वाजतात तेव्हा पुण्याच्या आकाशाच्या हिशेबाने चार पंचवीसच झालेले असतात. पहाटे उठवत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा पाठ करून ठेवावा. घरात चालत नाही, पण चारचौघांत बरा वाटतो.

शरीराचं म्हणणं तर अजूनच अडचणीचं आहे. अंगातलं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला ते सगळ्यात खाली असतं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सगळ्यात वर. फरक अर्ध्या ते एक अंश सेल्सिअसचा. एवढ्याशा फरकानेही स्नायू सकाळी आखडलेले आणि संध्याकाळी मोकळे राहतात. म्हणून पहाटेच्या माणसाला अंग गरम करायला १०-१५ मिनिटं लागतात, संध्याकाळच्याला पाच-सात पुरतात. पहाटेची मंडळी नेमकी हीच १५ मिनिटं वाचवतात आणि पुढे सहा आठवडे फिजिओथेरपीला घालवतात.

पाठीचं प्रकरण त्याहून नाजूक. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर आडवं पडल्यावर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या पाणी पिऊन फुगतात. त्यामुळेच सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. (मुलगी बघायला जायचं ते सकाळीच, असं त्यामुळे कुणी ठरवलं नाही याचं नवल वाटतं.) फुगलेली गादी वाकताना जास्त ताण सोसते. उठल्या उठल्या गादीवरून उतरून दुसऱ्या मिनिटाला पायाचे अंगठे धरणारा माणूस म्हणूनच स्वतःच्या कंबरेशी वैर घेत असतो. आधी २० मिनिटं नुसतं चालावं. सूर्यनमस्कार घालायचे असतील तर उठल्यापासून तासभर जाऊ द्यावा, आणि पहिल्या तीन-चार नमस्कारांत हात जमिनीला टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडून गुडघे थोडे वाकवावेत. सूर्य काही म्हणत नाही. शेजारी सतरंजी टाकलेल्या काकू म्हणतात.

आता गजराचं गणित. ते उलटं करायचं असतं. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी सहाला पोचायचं आहे. दुचाकीवर १५ मिनिटं, म्हणजे पावणेसहाला घराबाहेर. त्याआधी चहा, चहानंतरची वाट बघणं, ज्याच्यासाठी वाट बघितली ते झालं की बूट, मग बुटातला एक मोजा शोधणं. याला चाळीस मिनिटांच्या आत कोणाचंही भागत नाही. गजर झाला ५.०५ चा. झोप सात तास हवी, म्हणजे १०.०५ ला डोळा लागलेला हवा. जेवण त्याच्या दोन तास आधी, म्हणजे ताट आठला. आणि घरात कुकर लागतो पावणेनऊला. म्हणजे भांडण गजराशी नाहीच, ते कुकरशी आहे, आणि कुकरशी भांडायला घरातला कोणता पुरुष धजावला आहे! तो स्वतः लावावा, हा उपाय व्यायामाहून अवघड वाटत असल्यामुळे कोणी चर्चेला घेत नाही. गजर एकदम तासभर मागे ओढू नये, एवढं मात्र सांगतो. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं मागे न्यावा आणि उठल्यावर लगेच उजेडात जावं. शरीराचं घड्याळ उजेडाने लागतं, निर्धाराने नाही.

पहाटेच्या बाजूने जी दोन हुकमी विधानं केली जातात, तीही जरा चाचपून बघितली पाहिजेत. एक, शुद्ध हवा. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पुण्याची जमीन पटकन गार होते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. त्या धुरात रात्रीच्या वाहनांचा, वॉचमनच्या शेकोटीचा आणि झाडून गोळा केलेल्या पाल्याला कोणीतरी हळूच लावलेल्या काडीचा वाटा असतो. साडेसहाला टेकडीवरून शहराकडे पाहिलं तर राखी पट्टा सरळ दिसतो. त्यात उभं राहून आपले लोक दीर्घ श्वसन करत असतात. ऊन चढून जमीन तापली की, साधारण नवाच्या पुढे, हवा खालीवर व्हायला लागते. दमा असलेल्यांनी हिवाळ्यात उशिरा निघालेलं बरं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या 'सफर' या हवेचा दर्जा मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे बघून निघावं, हे तर सगळ्यात बरं. पण मोबाइलवर पंचांग बघणारा माणूसही हवा मात्र नाकाने बघतो.

दुसरं, कोवळ्या उन्हातलं ड जीवनसत्त्व. ज्या अतिनील किरणांनी ते कातडीत तयार होतं ती किरणं सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच अडतात. साधा आडाखा असा, की आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर फारसं काही पदरात पडत नाही. कोवळं ऊन सुखाचं असतं, डोळ्यांतून मेंदूला दिवस उजाडल्याची वर्दी देतं, पण हाडांच्या खात्यावर त्याची जमा नगण्य. आणि कानटोपी, मफलर, स्वेटर, पायमोजे घालून ते घेतलं तर तेवढीही नाही.

मग पहाटे जायचंच का? तर पहाटे सहाला कोणाचा फोन येत नाही, पाहुणे येत नाहीत आणि साहेब मीटिंग लावत नाहीत. सकाळच्या व्यायामात सातत्य राहतं त्याचं मुख्य कारण एवढंच. उपाशीपोटी चाललं की चरबी जास्त जळते हे त्या तासापुरतं खरं आहे, दिवसभराच्या हिशेबात ते सारखं होऊन जातं. सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चालून पावणेदोनशे-दोनशे कॅलरी खर्च होतात. उतरल्यावर कट, फरसाण आणि दोन पावांसकट मिसळ घेतली तर त्याच्या दुपटीहून जास्त परत येतात. चरबी कुठल्या वेळी जळते यापेक्षा टेकडीच्या पायथ्याशी काय मिळतं यावर लक्ष ठेवलेलं बरं.

शास्त्राने कौल मागितला तर तो संध्याकाळला जाईल. अंग गरम, सांधे मोकळे, जोर थोडा जास्त, पोटात दुपारचं जेवण जिरलेलं. वजनं उचलायची असतील तर साडेपाच-सहाची वेळ नामी. पण नेमकं त्याच वेळी अख्खं पुणे रस्त्यावर असतं. कर्वे रस्त्याच्या कडेने संध्याकाळी सातला भरभर चालणं म्हणजे सायलेन्सरला तोंड लावून प्राणायाम. जिममध्ये स्क्वॅटच्या रॅकपाशी रांग, आणि रांगेतला पहिला माणूस दोन सेटच्या मध्ये मोबाइलवर रील बघत बसलेला. टेकडीवर जावं तर डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवस मोठा, पण वळवाचं येणं नेमकं दुपारनंतरचं. पश्चिमेला काळं दिसलं आणि गडगडाट ऐकू आला तर उघड्या माथ्यावरून खाली यायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. फोटो तर त्याहून नाही. संध्याकाळी व्यायाम केला की झोप उडते, ही भीती मात्र फाजील आहे. झोपायच्या आधीच्या तासाभरात दमछाक करणारं काही केलं तरच ती उडते. सातला धावून अकराला झोपणाऱ्याची झोप उडत असेल तर ती धावण्याने नव्हे, मधल्या चार तासांत काय बघितलं त्याने.

दुपारचं काय बोलायचं? एक ते चार शरीरच मंदावतं, आणि या बाबतीत शरीराचं आणि पुणेकराचं पूर्ण एकमत आहे.

तालमीतले वस्ताद वेळेवर वाद घालत बसत नसत. जोर-बैठका आणि कुस्ती, पहाटे आणि संध्याकाळी अशा दोन्ही वेळा उरकून मोकळे. आयुर्वेदातल्या वाग्भटाने तर आपल्या ताकदीच्या निम्म्यानेच व्यायाम करा, तोही थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी, असं सांगून ठेवलंय. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला आणि तोंडाला कोरड पडू लागली की निम्मी ताकद झाली, हे आयुर्वेदातलं मोजमाप. आजचे डॉक्टर म्हणतात, चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांसाठी मी यात थोडी दुरुस्ती सुचवेन: चढताना वाद घालता आला तर वेग बरोबर, वाद जिंकता आला तर वेग कमी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर मात्र वेळेचा प्रश्न थट्टेचा नाही. निघण्यापूर्वी साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, खिशात साखरेच्या पुड्या ठेवायच्या आणि गोळीची व चालण्याची वेळ डॉक्टरांकडून जुळवून घ्यायची. या लोकांसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, जेवणानंतरचं चालणं फार कामाचं. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर चालणाऱ्या पायांचे स्नायू ओढून घेतात. शतपावली मोजून शंभरच पावलं घातली तर मिनिटभरात संपते आणि जेमतेम ७० मीटर होते. तेवढं अंतर जिन्यातल्या चपला शोधण्यातही पडतं. १०-१५ मिनिटं हवीत, सावकाश.

माझं मत विचाराल तर घरातल्या ज्या तासावर कोणाचाच हक्क नाही तो तास व्यायामाचा. पाणी सहा ते आठ येत असेल तर तो तास नळाचा. सातला मुलांची स्कूलबस असेल तर पावणेसातपर्यंतचा डब्यांचा. साडेआठला कामवाल्या मावशी येणार असतील तर दार उघडायला कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे कोण यावर फार बोलू नये. हे सगळं वजा करून जे उरेल, मग ती सकाळची साडेनऊची विजोड वेळ का असेना, ती पकडावी आणि रोज तीच ठेवावी. महिना-दीड महिन्यात शरीर त्या वेळेला सरावतं आणि तिथेच त्याची ताकद वाढायला लागते. जागतिक आरोग्य संघटनेलाही आठवड्याला किमान १५० मिनिटं हवीत आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. किती वाजता, हे त्यांनी विचारलेलं नाही. त्यांच्या कार्यालयात पुण्याचं कोणी नसावं.

फक्त ही १५० मिनिटं एकगठ्ठा रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून फेडू नयेत. चढ नुसता दमवतो, त्रास उतार देतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना जोर लावतात, त्यांना बारीक इजा होते आणि दुखणं सगळ्यात जास्त चढतं दुसऱ्या दिवशी नव्हे, तिसऱ्या. पावलं छोटी टाकावीत, गुडघा ताठ ठेवू नये, उतार तिरका कापावा, वर पिठलं-भाकरी आणि दह्याची दोन मडकी रिचवल्यावर निदान अर्धा तास बसून मग निघावं. नाहीतर सोमवारी कौतुक सांगून होतं आणि मंगळवारी ऑफिसची लिफ्ट बंद पडते.