टेक्निकल काय आहे याचं?

आमच्याकडे शेतकरी दुकानात आला की फवारणीच्या औषधाचं नाव नंतर विचारतो, आधी विचारतो "टेक्निकल काय आहे याचं?" म्हणजे बाटलीवर वाघ छापलेला असो नाहीतर विजेचा लोळ, आत नेमकं काय भरलंय ते सांगा. आणि ते सांगता येतं, कारण बाटलीवरच लिहिलेलं असतं, इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी, म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे, संपला विषय. दहा कंपन्यांची दहा नावं असूद्यात, पाच टक्के म्हणजे पाच टक्के. वरून विष किती कडक आहे ते कळायला रंगीत त्रिकोण, लाल, पिवळा, निळा, हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याची कृपा. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि निम्मं आयुष्य असली बारीक अक्षरं वाचण्यात गेलंय, त्यामुळे पोरीनं पुण्याहून शाम्पूची यादी धाडली तेव्हा हे काम घरात कुणाच्या गळ्यात पडणार हे काही विचारायची गोष्ट नव्हती.

यादी म्हणजे काय आणायचं याची नव्हती हो, काय नको याची होती. पप्पा, मी दिवाळीला येणार, आपल्या बोअरच्या पाण्यानं केसांची पार वाट लागते, आणि आधीच लई गळायलेत, तर चांगला शाम्पू आणून ठेवा, सल्फेट नको, पॅराबेन नको, सिलिकॉन नको, तेल आणलं तर मिनरल ऑइल नको आणि अल्कोहोल तर अजिबात नको. हे शेवटचं आमच्या आईनं ऐकलं आणि पुण्यात राहूनसुद्धा पोरगी सरळ राहिली म्हणून तिथल्या तिथं देवाला हात जोडले.

माल भरायला लातूरला जावंच लागतं, तर म्हणलं एकदाच गंजगोलाईतून घेऊन टाकू. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, कुठूनही आत शिरा, बाहेर भलत्याच रस्त्याला निघता. तिथं एका होलसेल कॉस्मेटिकच्या दुकानात गेलो. दुकानदारानं न विचारता सहा-सात बाटल्या समोर मांडल्या. मी सवयीनं विचारलं, टेक्निकल काय आहे याचं?

तो बघायला माझ्याकडं. मग म्हणाला, बदाम आहे सर.

किती टक्के?

फुल बदाम आहे.

मी बाटली फिरवली. मागची अक्षरं एवढी बारीक की मोबाईलनं फोटो काढून तो फोटो मोठा करून वाचावा लागतो. मी एकेका बाटलीचा पाठीमागून फोटो काढायला लागलो तसा तो दुकानदार सावध झाला, गल्ल्याजवळच्या माणसाला खुणावलं, माझ्यासाठी चहा सांगितला आणि हळूच विचारलं, साहेब कोणत्या खात्याचे? चहा मी पिऊन घेतला. खातं सांगितलं नाही.

तर पहिलं नाव, ॲक्वा. प्रत्येक बाटलीवर पहिलं नाव ॲक्वाच. म्हणजे पाणी. बाटलीत सगळ्यात जास्त काय आहे तर पाणी. आता लातूरच्या माणसाला पाण्याचं कुणी नवीन सांगू नये, एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय आम्हाला, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. सगळा देश टीव्हीवर बघायला होता, आम्हाला कसंतरीच वाटायचं. आणि आता तेच पाणी कुठून कुठून ट्रकनं येतंय, दोनशे मिलीच्या मापात, वास लावून, आणि आम्ही शंभराच्या नोटा देऊन घ्यायलोत, एक बातमी नाही.

पाण्यानंतर सोडियम लॉरेथ सल्फेट, मग कोकॅमिडोप्रोपिल बिटेन, हे फेस करणारे, मळ काढणारे. इथपर्यंत ठीक. पण टक्के कुठंच नाहीत. मी झाकण उघडून बघितलं, बूड बघितलं, नाहीच. मग कळलं की कायद्यातच नाही. २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत आपल्याकडं, त्यात एवढंच की एक टक्क्याच्या वरचे घटक जास्तीकडून कमीकडं लिहा आणि एक टक्का किंवा त्याच्या आतले मागे कसेही लिहा. आकडा नाही. म्हणजे बोंडअळीवर किती टक्क्याचं मारायचं ते सरकार छापून घेतंय, आणि माणसाच्या टाळूवर काय किती जातंय ते कंपनी आणि तिचा देव यांचं आपसातलं.

पण बाराखडी कळली की थोडं थोडं लागतं वाचायला. एक फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्वेटिव्ह असतं, युरोपात ते एक टक्क्याच्या वर घालायला परवानगीच नाही, आणि बऱ्याच बाटल्या तोच हिशोब धरून चालतात. तर यादीत ते दिसलं की समजायचं हा बांध आला. खरी जमीन असली तर बांधाच्या अलीकडंच, पलीकडं जे आहे ते एक टक्का नाहीतर त्याच्याही आत. आता पुढून त्या बाटलीवर बदाम फुटून दूध उडायलंय, जास्वंद फुललंय, माका आहे, आणि मागून बघावं तर बांधाच्या पार पलीकडं, परफ्यूमच्या मागं, मिठाच्याही मागं हे तिघं उभे. मीठ म्हणजे आपलं खायचंच, सोडियम क्लोराईड, असल्या शाम्पूत ते टाकलं की शाम्पू दाट होतो. आणि गिऱ्हाईक बाटली हलवून म्हणतंय, दाट आहे, चांगला असणार.

मी दुकानदाराला बांध दाखवला. तो म्हणाला, सर हे कुणी वाचत नाही. खरंय, पण मग छापता कामून?

बरं, पोरीच्या यादीप्रमाणं सल्फेट-फ्री मागितली. दुप्पट भाव. मागं सोडियम सी-१४-१६ ओलेफिन सल्फोनेट. सल्फेट नाही, सल्फोनेट आहे, म्हणजे वचनाला बाटली पक्की, पण मळ काढायला तेही काही गरीब नाही. मग पॅराबेन-फ्री बघितली तर पॅराबेन या प्रिझर्वेटिव्हच्या जागी मिथाइलआयसोथायझोलिनोन बसलेलं. रात्री घरी येऊन यावर वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण अमेरिकेत कातडीच्या ॲलर्जीवाल्या डॉक्टरांची संघटना दरवर्षी एकेका पदार्थाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवते, तो मान २०१३ ला या मिथाइलआयसोथायझोलिनोनला मिळालेला आणि २०१९ ला पॅराबेनला उलटा मान, 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर', म्हणजे बिचाऱ्याची ॲलर्जी सगळ्यात कमी येते म्हणून. आणि घराबाहेर काढलं कुणाला, तर पॅराबेनला! हे मी पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, पप्पा पण माझ्या ॲपमध्ये ते लाल दाखवतंय. तिच्या मोबाईलमध्ये ॲप आहे, बाटली धरली की लाल, पिवळा, हिरवा ठिपका येतो. म्हणलं हा आमचाच त्रिकोण दिसतोय, फक्त आमचा सरकार देतं, तुझा कोण देतंय ते विचार.

अल्कोहोलचं तर आणखीच. कंडिशनरवर सिटेरील अल्कोहोल, दुसऱ्या नंबरला. बायको म्हणाली, ठेवा खाली. पण हे ते अल्कोहोल नाहीच, हे मेणासारखं घट्ट असतं, केस मऊ करायलाच घालतात, कोरडं करणारं ते वेगळं, स्पिरिटवालं. आता हे आईला कुणी समजवायचं, मी तरी ती बाटली देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवली नाही.

खरी गंमत पुढं आहे. वाचता वाचता सगळी ओळखीचीच निघायली. ईडीटीए बघितलं आणि उडालोच, कारण चिलेटेड झिंक ईडीटीए १२ टक्के हे जस्ताचं खत माझ्या दुकानात खिडकीजवळच्या रॅकवर आहे. ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड, एवढ्या लांब नावाचा माणूस कोण म्हणून बघितलं तर आपली गवार! गवारीच्या डिंकापासून करतात, केस विंचरायला सोपे जावेत म्हणून. कार्थॅमस टिंक्टोरियस म्हणजे करडई. रिसिनस म्हणजे बांधावरचा एरंड. हायड्रोलाइज्ड सोय प्रोटीन म्हणजे सोयाबीन, ज्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, तेही मिळाले तर, आणि इथं त्याचा अंश दाखवून दोनशे मिलीला साडेचारशे. मोंढ्यात सोयाबीन घेऊन ओलावा किती, माती किती म्हणून कटती सोसणाऱ्या माणसानं हे वाचू नये. सीवीड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, पण होतं, तेही आम्ही पिकाचं टॉनिक म्हणून विकतो, फवारणीच्या पंपाला मिलीच्या हिशोबानं. इथं डोस काय, तर "आवश्यकतेनुसार".

आणि सिलिकॉन. पोरीला नको असलेलं डायमेथिकॉन हे केसावर पातळ थर धरतं, चमक येते, गुंता होत नाही. आमच्याकडं औषध पानावर पसरावं आणि चिकटावं म्हणून फवारणीत स्टिकर टाकतात, चांगला स्टिकर सिलिकॉनचाच असतो. त्याच्यापुढचं सांगतो, कित्येक शेतकरी स्टिकरचे पैसे वाचवायला सरळ एक रुपयाची शाम्पूची पुडी फोडून पंपात टाकतात. मी नको म्हणतो, एक तर पंपात फेस होतो आणि दुसरं म्हणजे माझा स्टिकर खपत नाही.

आयुर्वेदिक बाटल्यांचा एक गुण मात्र मानला. त्यातल्या ज्या औषधाच्या लायसनवर असतात त्यांच्यावर आकडे असतात, प्रत्येक १० मिलीत अमुक इतका माका, इतका आवळा. माझा जीव शांत झाला. कॅल्क्युलेटर काढला. १० मिलीला ५० मिलीग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. बाकी तेल. पण अर्धा तर अर्धा, सांगितलं तरी! कांद्याचं तेल म्हणून एक होतं, लेबलवर अख्खा लाल कांदा, मागं पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे तेच मिनरल ऑइल, कांदा अर्काच्या रूपानं खाली कुठंतरी. कांद्याची कीर्ती झालीय ती २००२ च्या एका अभ्यासामुळं, त्यात चाई पडलेल्या लोकांना कांद्याचा कच्चा रस लावला होता आणि बऱ्याच जणांना केस आले. कच्चा रस, आणि चाईला. पॅराफिनच्या बाटलीत कांद्याची आठवण असून काय होणार.

साध्या खोबरेल तेलावर तर खाद्यतेल असं लिहिलेलं. हे खायचं का लावायचं यावरून टॅक्सवाल्यांचा एक्साइजच्या काळातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, कारण खायचं तर कर कमी आणि केसाचं तर जास्त, पुढं जीएसटीतही ५ टक्के आणि १८ असाच फरक होता. डिसेंबर २०२४ ला कोर्टानं सांगितलं की पॅकिंग लहान आहे एवढ्यावरून ते केसाचं तेल होत नाही. मग सप्टेंबर २०२५ ला सरकारनं केसाच्या तेलालाही ५ टक्के केला आणि एवढ्या वर्षांच्या भांडणातली हवाच गेली. आई म्हणाली, आम्ही तेच तेल डोक्यालाही लावलं आणि दिव्यातही घातलं, आम्हाला कोर्टानं काही विचारलं नाही.

एवढं सगळं वाचूनही बाटली काही ठरेना. मग पोरगी आली दिवाळीला, तिचे केस बघून बायको घाबरली, आणि लातूरला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बाटलीचं काही विचारलंच नाही. म्हणाले, दोन-तीन महिन्यामागं ताप येऊन गेला का मोठा? आला होता की, ऑगस्टला डेंगी झाला होता पुण्यात. मग तेच आहे, म्हणे, मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि काही महिन्यांनी आपोआप थांबतात, हिमोग्लोबिन बघून घ्या, जेवण नीट करा. मला पटलं लगेच. कापसाला पाण्याचा ताण पडला की पाते, म्हणजे कळ्या, गळतात, शेतकरी पळत येतो टॉनिक द्या म्हणून, आणि आम्ही विचारतो ताण कधी पडला. बायकोला मात्र पटलं नाही. एवढी फी घेऊन साधी चिठ्ठी पण दिली नाही, हे काय डॉक्टर म्हणायचे का, शाम्पू कोणता ते तरी सांगायचं! विचारल्यावर ते म्हणाले होते, सोसेल तो लावा.

म्हणून शेवटी मीच ठरवलं, ईडीटीएवाली. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार एवढा की नळाच्या तोटीला पांढरे खडे धरतात, साबण लावला तर कॅल्शियमशी मिळून त्याचा चिकट साका होतो, तो केसात बसतो. शाम्पूचा साका होत नाही आणि त्यात ईडीटीए असलं तर ते कॅल्शियमला धरून ठेवतं. बाकी त्यात सल्फेट आहे, परफ्यूम आहे, बांधाच्या पलीकडं थोडासा आवळा आहे, आणि भाव सगळ्यात कमी. पोरीनं ॲप धरलं. पिवळा ठिपका. म्हणाली चालेल.

ही सगळी भानगड गावभर झाली असणार, कारण परवा एक मामा दुकानात आले, हातात शाम्पूच्या पुड्यांची माळ. तीन रंगाच्या पुड्या.

"मालक, तुमी बाटल्या लई वाचायलाव म्हणं. ह्यातली कोणती बरी?"

मी चष्मा लावला, फोटो काढला, मोठा केला, बराच वेळ वाचलं. म्हणलं मामा, ह्या लालमधी सिलिकॉन आहे, केस मऊ होतेत, ह्या हिरव्यात नाही, पण तुमचे केस कसे आहेत त्याच्यावर आहे ते.

मामांनी टोपी काढली. आत काहीच नव्हतं.

"केसाचं नाही ओ, पंपाला इचारायलो."