हातमोजे आले की व्हीआरमधली वस्तू खरी वाटेल?

‘व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग) हाताला काही लागतच नाही, म्हणून वस्तू खरी वाटणं अशक्य. हॅप्टिक, म्हणजे स्पर्श भासवणारे, हातमोजे स्वस्त झाले की प्रश्न मिटला.’ हे विधान सगळीकडे फिरतंय. मला ते पटत नाही, आणि नव्याने व्हीआर शिकणारी मुलं त्यावर विसंबून वेळ घालवतात याचं वाईट वाटतं.

हाताला लागल्याशिवाय खरं वाटत नाही? १९६४ मध्ये रॉक आणि व्हिक्टर या संशोधकांनी लोकांना भिंगातून एक चौरस दाखवला. भिंगामुळे तो अरुंद दिसत होता, बोटांना मात्र नीट चौरस लागत होता. लोकांनी डोळ्यांना दिसला तोच आकार सांगितला.

वजन, कडकपणा तरी यंत्राशिवाय जाणवणार नाही? इथे तर पुरावा जास्तच भक्कम आहे. २००० मध्ये फ्रान्सच्या लेक्युए यांच्या गटाने लोकांना जवळजवळ न हलणारं एक उपकरण दाबायला दिलं आणि समोर पडद्यावर स्प्रिंग दबताना दाखवली. दाब तोच, पण स्प्रिंग कमी दबली की ती कडक वाटायची. वजनाचंही तसंच. खरा हात २० सेंटीमीटर वर गेला आणि आभासी हात १५च गेला, तर तोच डबा जड वाटू लागतो. याला मर्यादा आहे, हे मान्य. फरक फार ताणला की लबाडी उघडी पडते, आणि दहा किलोचं ओझं असं कधीच भासवता येणार नाही.

आता हातमोजे. बोटं अडवणारा मोजा पकड अडवतो, हात अडवत नाही. आभासी टेबलावर हात टेकवा, सरळ आरपार जातो. शिवाय बर्गर या संशोधक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की स्पर्शाचा तपशील वाढवला पण डोळ्यांना त्याला जुळणारं काही दिसलं नाही, तर अनुभव उलट बिघडतो. दृश्याची जोड दिल्यावर तो सावरला.

शस्त्रक्रियेच्या सरावाला खरा प्रतिरोध लागतो, तिथे उपकरणावर खर्च कराच. बाकी ठिकाणी, समजा आभासी कप उचलायचा आहे, तर आधी आभासी बोटं त्या कपाच्या आत घुसलेली दिसतात का ते पाहा. ती पृष्ठभागावर थांबलेली दिसली की लोकांना पकड खरी वाटते, आणि हे काम आजच्या साध्या, हातात धरायच्या कंट्रोलरवरही होतं.