बीजिंगच्या बागांमधल्या बायका

चीनचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा बुलेट ट्रेन, कारखाने आणि सीमावाद यांच्यापुढे फारशा जात नाहीत. नोकरीच्या निमित्ताने बीजिंगमध्ये राहायला लागल्यापासून मला मात्र सर्वाधिक विचार करायला लावले ते इथल्या सार्वजनिक बागांनी आणि तिथे रोज जमणाऱ्या, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांनी. उतारवयात घराबाहेर, चारचौघांत, कोणालाही कारण न सांगता स्वतःसाठी वेळ घालवण्याची मोकळीक चिनी शहरांतल्या बायकांनी जितकी मिळवली आहे, तितकी आपल्या शहरांतल्या बायकांना अजून मिळालेली नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तिआनतानचे, म्हणजे स्वर्गमंदिराचे उदाहरण घ्या. 1420 साली बांधलेल्या या परिसरात सम्राट चांगल्या सुगीसाठी प्रार्थना करत, आणि 1918 पासून तो सर्वांसाठी खुला आहे. पर्यटक थेट मुख्य मंदिराकडे जातात, पण पूर्वेकडच्या लांबलचक छपरी वाटेवर सकाळी वेगळेच जग असते. कठड्यावर बसून पत्त्यांचे डाव रंगलेले असतात, कोणी लोकर विणत असते, कोणी जुनी गाणी खड्या आवाजात म्हणत असते, आणि प्रत्येकीच्या शेजारी थर्मास असतो, ज्यात गरम पाणी आणि शेवंतीची वाळलेली फुले असतात. जवळच सत्तरीचे आजोबा लोखंडी बारवर सहज झोके घेतात. पिसांचे फूल पायाने उडवण्याचा खेळ गोलात उभे राहून स्त्री-पुरुष एकत्र खेळतात आणि नवख्यालाही हाताने खूण करून आत ओढतात.

संध्याकाळी हीच मंडळी सोसायटीजवळच्या मोकळ्या जागेत नाचतात. चाकांचा एक स्पीकर येतो, सर्वांत सराईत बाई पुढे उभी राहते आणि बाकीच्या तिच्यामागे रांगा लावतात. ज्यांना पावले येत नाहीत त्या शेवटच्या रांगेत राहून पाहत पाहत शिकतात. वर्गणी असलीच तर किरकोळ. कडाक्याच्या थंडीतही जाड कोट घालून या रांगा लागतात. एखादी बाई आठवडाभर दिसली नाही तर बाकीच्या तिची चौकशी करायला घरी जातात, आणि मला ही गोष्ट नाचाहूनही मोलाची वाटते.

ही सवय आभाळातून पडलेली नाही. 1951 साली चीनमध्ये रेडिओवरून सामूहिक कवायत सुरू झाली आणि शाळांपासून कारखान्यांपर्यंत लोक एका तालावर हातपाय हलवू लागले. सरकारी कारखान्याशी नोकरी, घर, दवाखाना आणि शेजार असे सगळेच बांधलेले असे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात असे असंख्य कारखाने बंद पडले किंवा त्यांनी मोठी कामगारकपात केली, आणि चाळिशी-पन्नाशीच्या लक्षावधी बायका एकदम घरी बसल्या. कामगार स्त्रियांचे निवृत्तीचे वयही 50 च होते. घरे लहान, मूल एकच, तेही शिकायला किंवा नोकरीला बाहेर. अशा वेळी या बायकांनी हरवलेली सोबत बागेत पुन्हा उभी केली. तरुण चिनी सहकारी त्यांच्या आवाजाला कंटाळतात, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. 5 जून 2022 पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या सुधारित कायद्याने अशा कार्यक्रमांना जागा, वेळ आणि आवाज यांची बंधने घातली, ते योग्यच झाले. पण आवाज कमी करायला सांगणे वेगळे आणि त्यांनी घरातच बसावे असे म्हणणे वेगळे.

मात्र हे चित्र सगळे गोड नाही. त्याच तिआनतानमध्ये आईवडील आपल्या अविवाहित मुलामुलींची माहिती कागदावर लिहून मांडतात: जन्मवर्ष, उंची, शिक्षण, घर, आणि बीजिंगचा हुकोऊ, म्हणजे रहिवासाची अधिकृत नोंद, आहे की नाही. मुलांच्या शाळाप्रवेशापासून अनेक सवलती त्या नोंदीवर ठरत असल्याने तिला पगाराइतकेच महत्त्व असते. आपल्या वधू-वर सूचक मंडळांशी परिचय असलेल्या कोणालाही तिथली घालमेल लगेच कळेल. तिथे उभ्या असलेल्या बहुतेक आयांना एकच अपत्य आहे, आणि ती काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

शिवाय बागेतला हा निवांतपणा मुख्यतः शहरी पेन्शनवर उभा आहे. शेतात आयुष्य घालवलेल्या माणसाला सरकारकडून मिळणारी किमान मूळ पेन्शन 2024 साली देशपातळीवर महिन्याला 123 युआन होती, म्हणजे सुमारे दीड हजार रुपये. प्रांत त्यात भर घालतात, तरी एवढ्यात भागत नाही, म्हणून खेड्यातल्या कितीतरी आज्या सत्तरीतही शेतात राबतात. काहीजणी नातवंडे सांभाळायला मुलाच्या शहरात येतात. तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नसते, बोलीभाषा वेगळी असते आणि दवाखान्याच्या खर्चाची भरपाई मिळवायलाही आधी वेगळी नोंदणी करावी लागते. या बायकांना मी नाचाच्या रांगेत क्वचितच पाहिले आहे. त्या बाबागाडी घेऊन कडेला उभ्या असतात.

आता 1 जानेवारी 2025 पासून निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढू लागले आहे. पंधरा वर्षांत कामगार स्त्रियांसाठी ते 50 वरून 55 वर, कार्यालयीन पदांवरच्या स्त्रियांसाठी 55 वरून 58 वर आणि पुरुषांसाठी 60 वरून 63 वर जाईल. लोकसंख्या वेगाने म्हातारी होत असताना हा निर्णय टाळता येण्यासारखा नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु बालवाडीत मूल तिसऱ्या वर्षी जाते आणि तोपर्यंत बहुतेक घरांत त्याला आजीच सांभाळते. आजी पंचावन्नपर्यंत नोकरी करणार असेल, तर ते मूल कोणाकडे राहणार? तीन वर्षांखालच्या मुलांसाठी परवडणारी पाळणाघरे वस्तीवस्तीत उभी राहिली नाहीत, तर दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी नातवंड अशी दोन्ही ओझी याच बायकांवर पडतील, आणि इतक्या कष्टाने मिळवलेली त्यांची संध्याकाळ सर्वांत आधी जाईल.